चुकीच्या रंगाचा उंट

गोरिसला फेब्रुवारीत चार वाजताच दिवे लावावे लागतात.
संगीत शाळेचा हॉल, बारा टेबलं, एक हीटर,
आणि हीटरजवळचं टेबल पहिल्या पटाचं.
हमायाकला त्या उबेत बसायला मिळालं
ते केवळ जोड्या लावणाऱ्या कागदाच्या कृपेनं.

समोर वार्सेनिक. वय चौदा. येरेवानहून आलेली,
बोटांवर शाई, डोळे छताकडे.
दोघांच्या मानांकनात सातशेचं अंतर.
म्हणजे खालच्या पुलापासून वरच्या कबरस्तानापर्यंतचा चढ,
आणि हमायाकचे गुडघे तर
तीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्टा वर चढवण्यात गेलेले.

मी पंच. घड्याळं लावतो,
खोकणाऱ्यांकडे बघतो.

एक सांगून ठेवतो: तुम्ही ज्याला उंट म्हणता
तो आमच्याकडे हत्ती,
आणि तुमचा हत्ती आमच्याकडे नाव.
नाव म्हणजे नावच, पाण्यातली.
पण राहू दे, मी उंटच म्हणतो.
चौसष्ट घरांत किती जनावरं बदलायची.

अकराव्या चालीला त्याचं एक प्यादं गेलं.
विसाव्याला दुसरं. वार्सेनिक उठून
दुसऱ्यांचे पट बघत फिरू लागली,
बाजारात काही घ्यायचं नसलेल्या माणसासारखी.
तो उठला नाही. थर्मासचं झाकणही उघडलं नाही.
सगळं देत गेला, पण सावकाश,
एकेक वस्तू फडक्यानं पुसून द्यावी तसं.

मग त्यानं घोडा दिला.
शेवटचा घोडा, एका प्याद्यासाठी.
तिनं तो उचलला आणि उचलता उचलता
तिचा हात हवेतच थोडा थांबला.

आता तिच्याकडे राजा, उंट, आणि अगदी कडेचं एक प्यादं.
त्याच्याकडे राजा. एकटा. कोपऱ्यात.
कोपऱ्याचं घर काळं.
उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा.
जन्मभर चालला तरी त्या एका घरावर
त्याची सावलीसुद्धा पडायची नाही.

हे तिला माहीत होतं. पुस्तकात पहिल्या वीस पानांत असतं.
तरी ती खेळत राहिली.
उंट इकडून, उंट तिकडून, राजा जवळ, राजा लांब.
हमायाक कोपऱ्यात, शेजारच्या घरात, पुन्हा कोपऱ्यात,
रात्री दाराची कडी तपासणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
हॉल रिकामा झाला. झाडूवाली येऊन बसली.

शेवटी तिनंच राजा पुढे सरकवला.
शह नाही. आणि जायला घरही नाही.
मी घड्याळ थांबवलं.

अर्धा गुण, अर्धा गुण. मी तक्त्यात दोन्हीकडे
सारखाच आकडा लिहिला,
आणि पेन तिच्या नावाशी जास्त दाबलं गेलं.

"हे कुठे शिकलात?" तिनं विचारलं. आवाजात राग होता,
नाक लाल होतं.
हमायाक म्हणाला, "तुझ्या खुर्चीत.
सोळाचा होतो. माझ्याकडे उंट होता, कडेचं प्यादं होतं.
समोर सिसियानची एक पोस्टातली बाई.
तिच्याकडे राजा. पंचेचाळीस चाली मी मानलं नाही.
ती स्वेटर विणत होती."

वार्सेनिक हसली नाही.
सोंगट्या पेटीत भरताना पांढरा उंट
तिनं थोडा वेळ मुठीत ठेवला,
मग टाकला. आवाज झाला.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ. हमायाक फोनवर बोलत होता.
"नाही, जिंकलो नाही.
अगं नाही, हरलोही नाही."
मग बराच वेळ ऐकत राहिला.
"पाच तास? पाच तास इथेच होतो.
कोपऱ्यात."